फक्कीच्या चौकोनाबाहेरच्या चपला

सोमवार, होळीनंतरचा पहिला. वेळ दुपारी बारा. जागा ग्रामपंचायतीची खोली. विषय गावाची पाण्याची टाकी, मंजूर रक्कम अठरा लाख रुपये. हजर: सरपंच माधवराव, ग्रामसेवक, ठेकेदाराचा मुकादम आणि पाणी समितीची खजिनदार म्हणून मी. गैरहजर: तुम्ही.

अक्का, गैरहजर माणसांची नावं लिहायचा आग्रह तुमचा. "आले ते तर दिसतायतच, न आलेल्यांचं लिही," असं तुम्ही म्हणायच्या. मी म्हणायचे, तसं लिहायला बसलं तर रजिस्टर पुरणार नाही. त्या दिवशी मात्र भलतंच झालं. ग्रामसेवकांनी सवयीनं हजर सभासदांत तुमचं नाव लिहून टाकलं. लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते खोडलं, आणि आम्ही सगळेच थोडा वेळ त्या खोडलेल्या ओळीकडं बघत बसलो. भिंतीकडची तुमची खुर्ची रिकामी होती. मुकादम उभा होता, तरी तिच्यावर बसला नाही.

"मग उद्या मशीन आणू का?" त्यानं विचारलं.

माधवरावांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "थांबा. अक्कांना विचारायचं राहिलंय."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

तुम्हाला सगळं माहीत आहे. पण पहिल्यापासून मांडल्याशिवाय मला जमत नाही, हेही तुम्हाला माहीत आहे. जावा म्हणून आपण एका चुलीवर सव्वीस वर्षं काढली. भाजीत मीठ किती, यावरही आपलं एकमत व्हायचं नाही. तरी टाकीवरून झालं तेवढं भांडण आपलं कधी झालं नव्हतं, आणि ते अर्धं सोडून तुम्ही उठून गेलात.

उन्हाळा लागला की आपल्या गावाला टँकरची वाट बघावी लागते. टाकी उंचावर पाहिजे, आणि तालुक्याच्या गावाच्या, लोह्याच्या बाजूला उंच जागा दोनच. एक गायरान, दुसरा गायरानाला लागून असलेला आपल्या वावराचा वरचा कोपरा. गायरान सरकारी, फुकट. तिथंच टाकी ठरली. अडचण एकच होती. पावसाळा संपला की गायरानावर झाडू बांधणाऱ्यांची पालं पडतात. आपली सासू या घरात आली तेव्हाही पडत होती म्हणे. त्यांना ना घर, ना शेत, ना स्मशान. त्यांची माणसं जातात तेव्हा त्याच गायरानावर कुठंतरी मातीत ठेवली जातात. वर दगड नाही, खूण नाही. त्यांच्यातल्या गंगूचं पहिलं लेकरू आठ दिवसांचं होऊन गेलं, ते तिथंच कुठंतरी आहे. गंगूला कळा सुटल्या तेव्हा जीपमध्ये घालून लोह्याच्या दवाखान्यात तुम्हीच नेलं होतं, म्हणून हे गावात तुम्हाला आणि मला ठाऊक. बाकी कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"नोटीस लावली. एकही हरकत आली नाही," मी म्हणाले होते.

"त्यांना वाचता येतंय का?"

"दवंडीही दिली."

"दवंडी गावात दिली. पाल गावात हाय का?"

"मग त्यांना बोलवा ना ग्रामसभेला. कोणी अडवलंय?"

तुम्ही खरंच बोलावलंत. दसऱ्याच्या आधी. स्वतः पालावर जाऊन, चहा पिऊन, सगळ्यांना घेऊन आलात. इतरांना सतरंजी आणि त्यांना खुर्च्या. त्यांच्यातली थोरली रखमा बुढी खुर्चीच्या टोकावर अशी बसली होती, जणू खुर्ची तापलेली आहे. तुम्ही उभ्या राहिलात आणि तुमच्या त्या उदगिरी हेलात, भर सभेत, मोकळ्या मनानं विचारलंत, "टाकीचा खड्डा खणायचाय. तुमची माणसं कुठं कुठं ठेवलीत तेवढं बोटानं दाखवा. ती जागा आम्ही सोडू."

यात काय चुकलं ते मला आजही तुमच्या जागेवर उभी राहून दिसत नाही. याहून चांगलं कसं विचारायचं? रखमा बुढीनं पदर तोंडावर ओढला. मग ती उठली, आणि तिच्यामागं सगळे उठले. खुर्च्या तेवढ्या राहिल्या.

सकाळी पालं नव्हती. आपण दोघी गेलो होतो बघायला. चुलीच्या दगडांमधली राख अजून कोमट होती. दोरीवर एक लहान झबलं वाळत राहून गेलं होतं. एक कुत्रं तेवढं गायरानाच्या मध्यावर बसलेलं. आपण हाक मारली तर त्यानं मान वळवली, उठलं नाही. ते कोणाची वाट बघत नव्हतं. राखण करत होतं.

त्या दिवाळीला गावात लक्ष्मीपूजनाला नवा झाडू मिळाला नाही. आपल्या दुकानात मी लोह्याहून प्लॅस्टिकचे आणून ठेवले. बायकांनी ते उलटसुलट करून बघितले आणि जुनाच झाडू धुऊन पुजला. संध्याकाळी दिवा लावताना म्हणालात, "सुनंदे, मी त्यांना हाकलून लावलं गं."

मी म्हणाले, "तुम्ही विचारलंत. ते गेले. दोन गोष्टी वेगळ्या आहेत."

"तुझं गणित बरोबर असतंय," तुम्ही म्हणालात. "पण त्यात माणूस बसत न्हाई."

हे वाक्य तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलंत की शेवटी शेवटी मी ते तुमच्याआधी म्हणायला लागले होते.

हदगावला आपण दोघीच गेलो होतो, आठवतंय? कापसाच्या हंगामात ते तिकडं असतात, एवढाच पत्ता. नांदेडला गाडी बदलली, हदगावला उतरलो आणि जिनिंगच्या रस्त्यानं चालत सुटलो. रस्त्याच्या कडेला बाभळीच्या काट्यांना कापूस अडकलेला. तुम्ही म्हणालात, झाडाला म्हातारपण आलंय. पालं दिसली तेव्हा तुम्ही हाक मारली नाहीत. जाऊन त्यांच्यात बसलात आणि शिंदीची पानं हातात घेऊन त्यांच्यासारखी चिरायला लागलात. मी आपली पिशवी मांडीवर घेऊन बसले. तासभर तुमचं चिरणं चाललं होतं. तेवढ्यात रखमा बुढी गंगूजवळ आली, कनवटीचे पैसे काढून तिला दिले आणि तिच्याकडून एक झाडू घेतला. दोघींचे झाडू एकाच पानाचे, एकाच बांधणीचे. रखमाच्या पालात ढीग पडलेला.

मला राहवलं नाही. "गंगू, घरात एवढे असताना ही विकत कशाला घेते?"

गंगू हसली. "घरासाठी न्हाई बाई ते."

"मग?"

तिचं हसणं थांबलं. तुम्ही माझ्या गुडघ्याला चिमटा काढलात. इतक्या जोरात की नांदेडपर्यंत दुखत होतं.

रखमा बुढीच मग बोलली, आपल्याकडं न बघता, झाडूशी बोलल्यासारखी. "गेलेल्याचं नाव घ्यायचं न्हाई. जागा बोटानं दाखवायची न्हाई. ज्याची चूल त्याची जागा. दुसऱ्यानं तिकडं पाठ करायची. तुमी चारचौघात इचारलं. आता ते जागे झाले तर निजवायचं कुणी?"

तुम्ही "चुकलं" म्हणालात. एवढंच. चिरलेल्या पानांचा गड्डा तिच्यापुढं ठेवलात. तुमची बोटं रक्ताळली होती.

येताना एसटीत तुम्ही खिडकीला डोकं टेकून बसला होता. मला वाटलं झोपलात. मध्येच म्हणालात, "झाडू मातीत ठेवतात त्या. नवा. मी बघितलाय गायरानात, काहीच नसलेल्या जागी. गेलेल्या आपल्या माणसाला आपल्या हातचा चालत न्हाई, फुकटचा चालत न्हाई. विकतच घ्यावा लागतोय." आणि मग बऱ्याच वेळानं, "तोंडानं सांगता येत न्हाई त्यांना. पण त्या पाण्याला जाताना मधीच चपला हातात घेतात, तू बघितलंस कधी?"

मी बघितलं नव्हतं. रोज दुकानातून समोर दिसायचं, तरी.

पौष सरता सरता एकेक पाल परत पडायला लागलं. तुम्ही कोणाला काही विचारलं नाहीत. सकाळी त्या सरपणाला निघाल्या की तुम्ही त्यांच्याबरोबर निघायच्या आणि तुमच्यामागून टेप आणि वही घेऊन मी. "चालून विचारायचं," असं तुम्ही म्हणायच्या. मला लाज वाटायची. शिकलेल्या दोन बायका, एक पंचायतीची मेंबर, दुसरी खजिनदार, पालावरल्या बायकांच्या टाचांकडं बघत चालल्यात. पण खरंच, मोकळ्या जमिनीवर, काही एक नसताना, एखादी बाई सहज वाकायची. चपला काढून हातात घ्यायची, चार-सहा पावलं अनवाणी जायची आणि पुन्हा पायात घालायची. बोलणं चालूच. बरोबरच्या बायका त्या वेळी दुसरीकडं बघायच्या. एकीनं काढल्या तिथं दुसरी काढत नव्हती. ज्याची चूल त्याची जागा.

आणि अक्का, ते गायरान मी लहान सून असल्यापासून बघत होते. तिथं शेण वेचलं, पोरांना खेळायला सोडलं. त्या महिन्यात ते हळूहळू भरत गेलं. रोज एखादी जागा. शेवटी मला त्या जमिनीवर चप्पल घालून पाऊल टाकायची भीती वाटायला लागली. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही हसला असता, किंवा हसला नसता, आणि तेच मला नको होतं.

इंजिनिअरनं पहिल्यांदा खड्ड्यासाठी पांढरी फक्की मारली होती त्या चौकोनात तिघींनी चपला काढल्या. तो चौकोन सोडला. बाभळीजवळ दुसरा आखला. त्याच्यातून रखमा गेली, इतर सगळ्या गेल्या, चपला घालून. मी म्हणाले, झालं. विचारून झालं.

"गंगू यायचीय," तुम्ही म्हणालात. तिचा नवरा हदगावला शेवटच्या वेचणीला थांबला होता, म्हणून तीही.

"एक बाई राहिली, अक्का. एकीसाठी किती थांबायचं? मार्च संपला की पैसे परत जातात. मग सगळं गाव टँकरखाली."

"राहिली तिलाच तर विचारायचं असतंय. बाकीच्यांनी सांगितलंच की."

"आणि ती आलीच नाही तर?"

"तर आपला कोपरा द्यायचा."

कोपरा. दोन गुंठे. तुम्ही पहिल्या दिवसापासून म्हणत होता. वावर दोन्ही घरांचं सामाईक, सही दोघींच्या घरची लागणार. मी नाही म्हटलं होतं आणि का, ते स्वच्छ सांगितलं होतं. टाकी साऱ्या गावाची, मग जमीन एकट्या आपली का? आज कोपरा, उद्या रस्ता मागतील. शिवाय दिलं की ते आपलं मोठेपण होतं आणि पालावरल्यांचं म्हणणं ऐकायची कोणाला गरजच राहत नाही. सुटलो म्हणून सगळे हात झटकतात. हे माझं म्हणणं आजही मला चूक वाटत नाही. तुम्ही नुसतं "बघू," म्हणालात. शिवरात्र झाली. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही भाकरी झाकून ठेवलीत आणि म्हणालात, "फक्की बघून येते. वाऱ्यानं गेली असंल."

दुपारचा एक वाजला. तुम्ही आला नाहीत म्हणून मी निघाले. बोलणी तयार होती माझी, भाकरी गार झाली वगैरे. त्या वेळेला गायरानावर काही हलत नसतं. ऊन असं पडतं की आपली सावलीसुद्धा पायाखाली दडून बसते. लांबूनच मला तुम्ही दिसलात. बाभळीला टेकून बसलेल्या, मांडी घालून, हात मांडीवर. मी हाक मारली नाही. का, ते सांगता येत नाही. मला वाटलं, तुम्ही कोणाचं तरी ऐकताय.

तुमच्या चपला फक्कीच्या चौकोनाबाहेर होत्या. देवळाबाहेर काढाव्यात तशा, जोडीनं, नीट.

आणि फक्की वाऱ्यानं गेली नव्हती. उलट चौकोनात सगळीकडं पांढुरकी बसली होती आणि तिच्यात तुमच्या अनवाणी पावलांचे ठसे होते. दुसऱ्या कोणाचे नाहीत. ते आत गेले, मधोमध आले, आणि तिथं थांबून बाजूनं वळसा घालून बाभळीकडं गेले. झोपलेल्या लेकराला ओलांडू नये म्हणून जावं, तसे. वळसा मी मोजला. तुमच्याजवळ बसून, तुमचा हात गार आहे हे कळल्यावर, आणखी काय करावं ते सुचेना म्हणून पदराच्या टोकानं मोजला. हातभर लांब. हातभरापेक्षा जास्त नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय. माझा पण विश्वास आहे. लोक म्हणाले, चक्कर आली असेल, पायाची आग झाली असेल, म्हणून चपला काढल्या. असेल. पण आग झालेली बाई चपला जोडीनं लावून ठेवते का? आणि गंगू तर तेव्हा आली नव्हती. मग तुम्हाला कोणी सांगितलं? अक्का, हे एवढं मला विचारायचं होतं.

आपल्या लिंगायत रीतीप्रमाणं तुम्हाला बसवूनच मातीत ठेवलं. कपाळाला भस्म, हातात लिंग. जंगम मंत्र म्हणत होते आणि मला एकच दिसत होतं, की बाभळीखाली तुम्ही जशा बसला होता तशाच खाली बसलात. जणू तुम्ही त्या दिवशी आधीच बसून बघितलं होतं. घरी आल्यावर उंबऱ्याशी तुमच्या चपला होत्या. कोणी आणून ठेवल्या, कोणाला आठवेना. आमच्यापैकी कोणी त्या उचलत नाही. दुकानातून घरात येताना प्रत्येक जण तिथं थोडा वळसा घेतो. मीही घेते. बघा, मला चालायला शिकवलंत तुम्ही.

म्हणून मी त्या सोमवारी "थांबा" म्हणाले. माधवराव भले माणूस. मुकादम बाहेर गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, दुःख आहे ते समजतं. पण चपलांवरून टाकी हलवायची म्हटलं तर मी वर काय सांगू?"

"गंगू येईपर्यंत थांबा, एवढंच सांगा."

"आठवडा. जास्त न्हाई."

गंगू चौथ्या दिवशी आली. दुकानासमोर उभी राहिली, डोक्यावर झाडूंचा भारा, अंगावर प्रवासाची धूळ. "अक्का कुठं हाय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. ती रडली नाही. भारा उतरवला आणि रस्त्याच्या कडेला, आमच्याकडं पाठ करून बसली. दुकानात आलेली एक बाई म्हणाली, "बघा, दोन शब्द तरी बोलावं माणसानं. अक्कानं हिचा जीव वाचवला होता." मला मात्र रखमा बुढीचं वाक्य आठवलं. दुसऱ्याचं माणूस गेलं की पाठ करायची. ती बराच वेळ तशीच बसून होती. इतकं माझ्याजवळ त्या दिवसांत कोणी बसलं नव्हतं.

मग मी म्हणाले, "गंगू, सरपणाला जायचं का?"

उन्हाचीच वेळ होती. टेप मी घेतली नाही. आम्ही दोघी चाललो. ती हदगावच्या कापसाचं बोलत होती, भाव पडला, नवऱ्याचा गुडघा दुखतोय. बाभळीजवळ आलो. फक्की आता कुठं कुठं राहिली होती, चौकोन ओळखायचा म्हणून ओळखायचा. गंगू बोलता बोलता वाकली आणि चपला काढल्या. चौकोनाबाहेर, जिथं तुमच्या होत्या तिथंच. आत गेली. मधोमध आली, आणि बाजूनं वळसा घेतला. हातभर.

मी दुसरीकडं बघायला पाहिजे होतं. मी बघत राहिले.

ती बाभळीपाशी गेली. तुम्ही टेकला होता त्या खोडाला तिनं हात लावला. मागं वळून माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या पायांकडं. मीही अनवाणी होते. चपला कधी काढल्या ते मला कळलं नव्हतं. जमीन तापलेली होती, पण त्या एवढ्या जागेत मला ती गार लागली. हे मी तुम्हाला सोडून कोणाला सांगणार नाही, कारण दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

"लई ऊन हाय," गंगू म्हणाली. "चला बाई."

तिनं चपला का काढल्या, तिच्या लेकरासाठी की तुमच्यासाठी? विचारता येत नाही. विचारलं की जागे होतात. सारी जिंदगी मी म्हणत आले की उत्तर आकड्यात आलं पाहिजे, हो किती, नाही किती. इथं मला एवढंच कळलं की दोन्हीकडून खड्ड्याला उत्तर "नाही" हेच होतं. मग कोणतं खरं, याचा तपास कशाला?

घरी येऊन मी यांना म्हणाले, "कोपरा देऊन टाकू."

हे चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमचं दोघींचं ठरलंच होतं, तर चार महिने भांडलात कशाला?"

"ठरलं नव्हतं," मी म्हणाले. "अजून ठरलेलं नाही. फक्त देऊन टाकू."

अक्का, नीट ऐका. मी हरले असं समजू नका. कोपरा दिला, पण पंचायतीत माझी अट घातली. टाकीचा एक नळ पालाच्या तोंडाशी पाहिजे. आणि पुढं गायरानावर काहीही करायचं असेल, शाळा असो की शेड, तर आधी त्या बायकांबरोबर चालायचं, आणि शेवटची येईपर्यंत थांबायचं. ग्रामसेवकांनी विचारलं, "हे ठरावात कसं लिहू? चालायचं म्हणजे?"

"चालायचं म्हणजे चालायचं लिहा," माधवराव म्हणाले. "आणि वहिनींच्या हातात टेप देऊ नका." बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत लोक हसले. मी तुमच्या खुर्चीकडं बघितलं. त्या दिवशी रखमा बुढीला मुद्दाम बोलावलं होतं. आत येऊन ती सरळ त्या खुर्चीकडं गेली, पण बसली नाही. खुर्चीजवळ खाली, जमिनीवर बसली, खुर्चीला पाठ करून.

आपल्या कोपऱ्यात खड्डा परवा सुरू झाला. काळी माती, मग मुरूम, मग दगड. मी रोज जाऊन बघते. त्यात दुसरं काही निघालं नाही.

आज सकाळी गंगू झाडू विकायला दुकानात आली. दवाखान्यातून तुम्ही तिला परत आणलंत तेव्हापासून आपल्या घरून तिनं झाडूचे पैसे कधी घेतले नाहीत. तुम्ही ते तिच्या पदरात बांधायच्या आणि ती उंबऱ्यावर ठेवून जायची. आपली दर दिवाळीची ही झटापट. मी म्हणाले, "गंगू, एक झाडू दे."

तिनं भाऱ्यातून एक निवडला. बांधणी ओढून बघितली, एक पान वाकडं होतं ते दातानं तोडलं. माझ्या हातात दिला. मी आत वळले, तर ती तिथंच उभी. हात पुढं केलेला, तळवा उघडा.

"पन्नास," ती म्हणाली. माझ्याकडं बघत नव्हती. उंबऱ्याकडं बघत होती.

मी गल्ल्यातून काढले आणि तिच्या तळव्यावर ठेवले. तिनं मोजले, कनवटीला लावले, आणि पाठ करून उभी राहिली, मी घरातून बाहेर पडेपर्यंत.

दिले: पन्नास रुपये, एका झाडूचे, गंगूला. झाडू बाभळीखाली ठेवला आहे, अक्का. तुमचा.